स्टुलाचं घराणं

माझ्या उजव्या मांडीच्या हाडात एक रॉड आहे आणि तो तिथे एका स्टुलामुळे गेला. व्युत्पत्तिकोशाचा जाडजूड खंड वरच्या फळीवर होता. मी स्टुलावर चढलो, खंड हातात आला आणि स्टूल पायाखालून निसटलं. खंडाला साधं खरचटलंसुद्धा नाही. कोणता शब्द बघायला चढलो होतो, ते मात्र पार डोक्यातून गेलं. हाड मोडल्यापेक्षा याचंच मला जास्त वाईट वाटतंय, असं मी इस्पितळात म्हणालो तेव्हा सूनबाई म्हणाली, "आधी पाय हलवा बाबा, शब्द कुठे पळून जात नाहीत."

सूनबाईचं बोलणं असं, एका घोटात संपणारं. माझं नेमकं उलटं. उभा जन्म मी जर्मन शिकवलं आणि जर्मनबरोबर डच, डॅनिश, स्वीडिश, इंग्रजी या तिच्या बहिणींच्या घरातल्या भानगडीही सांगितल्या. एखादा शब्द कुठून निघाला, कुठे सुखात नांदला, कुठे त्याचे हाल झाले, हे सांगायला लागलो की माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. बायको हयात होती तोवर "मुद्द्यावर या" असं म्हणून मला आवरायची. ती गेल्यावर आवरणारं कुणी उरलं नाही. मुलगा जहाजावर इंजिनियर आहे, वर्षातले बरेच महिने पाण्यावर असतो. घरात मी आणि सूनबाई.

सूनबाई शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळी ठिकठिकाणच्या नळांचं पाणी बाटल्यांतून तिच्या टेबलावर येतं आणि ते पिण्याजोगं आहे की नाही, हे ती ठरवते. तिचं काम चोख झालं की शहरात काहीच घडत नाही, त्यामुळे तिला कुणी ओळखत नाही. याचं तिला काही वाटत नाही, मला वाटतं. मी पडायच्या थोडंच आधी त्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. या जागेची तिनं कित्येक वर्षं वाट पाहिली होती. आणि मी नेमका तेव्हाच कोश काढायला चढलो.

तिनं रजा घेतली. वरिष्ठांनी थोडे दिवस कळ काढली, मग फोन केला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला रुजू व्हा, नाहीतर ती जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. फोन ठेवून ती जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर येऊन बसली आणि मला सगळं सरळ सांगून टाकलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही.

"तुम्हाला एकट्याला उठता आलं तर मी जाईन," ती म्हणाली. "नाही आलं तर नाही म्हणून कळवीन."

"अगं, दिवसभराची बाई ठेवू."

"दोन ठेवल्या. दोघी गेल्या."

हे खरं होतं. पहिलीला माझं खाणं वेळेवर हवं होतं आणि मला तिची क्रियापदं नीट हवी होती. दुसरीला मी तिच्या आडनावाची व्युत्पत्ती सांगितली, ती तिला आवडली नाही.

एकट्याला उठता येणं म्हणजे काय, हे ठरवणारी तिसरीच व्यक्ती होती. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. केस घट्ट बांधलेले, मनगटावर मोठं घड्याळ, आणि आवाज असा की शेजारच्या घरातला माणूसही ताठ बसावा. मी तिचं नाव हवालदार ठेवलं होतं. हवालदाराचं म्हणणं असं, की कमोडच्या उंचीच्या बैठकीवरून, जिला हात नाहीत आणि पाठ नाही, कुणालाही न धरता उठता आलं, तरच या माणसाला घरात एकटं ठेवायचं. कमोड सोडला तर ती उंची आमच्या घरात एकाच वस्तूची होती. ज्याच्यावरून मी पडलो त्या स्टुलाची.

आता मी खरं सांगतो, मला भीती वाटत होती. दुखणं कधीच कमी झालं होतं, पायात जोर येत होता. पण खुर्चीत बसून उठायची वेळ आली की जमीन वर येतेय असं वाटायचं. हवालदार म्हणायची, "आजोबा, पाय मागे घ्या. आता पुढे वाका. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं पाहिजे. मग उठा." माझं नाक पुढे जायच्या ऐवजी मागेच यायचं. पाठ खुर्चीला घट्ट टेकायची आणि मी ठाण मांडून बसायचो. मागे झुकून कुणालाच उठता येत नाही, हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

"आजोबा, तुम्ही मनावर घेत नाही," हवालदार म्हणायची.

"मनावर घेतोय, तीच तर पंचाईत आहे," मी म्हणायचो. सूनबाई दाराशी उभी राहून हे सगळं बघायची.

एके दिवशी दुपारी मला हॉलमधल्या उंच आरामखुर्चीत, दोन उशा घालून आणखी उंच केलेल्या, बसवलं होतं. सूनबाई टेबलाशी शेंगा सोलत होती. मान खाली घालूनच तिनं विचारलं, "बाबा, स्टूल हा शब्द इंग्रजीच ना?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं मला कधी एका शब्दाबद्दल विचारलं नव्हतं. मी इतका खूश झालो की आधी पाणी मागवून प्यायलो.

"इंग्रजी कसला," मी म्हणालो. "मोठ्या घराण्यातला आहे तो. आज घरोघरी त्यावर चढून जळमटं काढतात, पण याचे पूर्वज राजाच्या बुडाखाली होते. जुन्या गॉथिक भाषेत स्टोल्स म्हणजे सिंहासन. जुन्या इंग्रजीतही स्टोल म्हणजे बसायची कुठलीही जागा, आणि क्युनेस्टोल म्हणजे राजाची."

"मग राजाच्या खालून निघून आपल्या गॅलरीत कसं आलं?"

"तीच तर गंमत आहे," मी म्हणालो, आणि तेवढ्यात ती ताडकन उठली. "दूध वर आलं वाटतं," असं म्हणत स्वयंपाकघरात गेली.

आता कुणी मला सांगावं, सवतीची गोष्ट ओठांवर आलेली असताना माणूस कसा बसून राहील. मी तिच्यामागे ओरडून सांगायला लागलो, की इंग्रजांवर समुद्रापलीकडून नवे राज्यकर्ते आले, त्यांनी बरोबर त्यांच्या भाषेतली चेअर आणली. ती पाठ असलेली, हात असलेली, ऐटबाज. ही सवत दिवाणखान्यात बसली आणि घरच्या स्टुलाची रवानगी झाली मागच्या दारी. आधी पाठ गेली, मग हात गेले, मग मान गेला. एवढं सांगून होईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मी उभा आहे. दोन्ही हात आरामखुर्चीच्या हातांवर होते, पण मी उभा होतो. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात दुधाचं पातेलं वगैरे काही नव्हतं.

"बसा आता हळूच," ती म्हणाली. "बाकीचं उद्या."

दुसऱ्या दिवशी एक उशी कमी झाली. "काल कुठवर आलो होतो?" तिनं विचारलं. मी जर्मन घरात शिरलो. जर्मन श्टूलची कुणी पाठ काढली नाही. तिथे तो आजही साधी चांगली खुर्ची आहे. शिवाय त्याचे उद्योग वाढले. विणकराचा माग म्हणजे वेबश्टूल, विणायची बैठक. घराच्या भिंतींवर जो लाकडी वाशांचा सांगाडा बसतो आणि छप्पर तोलून धरतो, तो डाखश्टूल, छपराची बैठक. आणि विद्यापीठात मुख्य प्राध्यापकाची जी जागा असते, तीही श्टूलच. मला ती कधी मिळाली नाही, हे सांगताना मी थोडा रेंगाळलो. सूनबाईनं तेवढ्यात पुस्तकाच्या कपाटाकडे जाऊन विचारलं, "माग कसला असतो तो, यात चित्र आहे का?" चित्र होतं, पण खालच्या फळीवरच्या, डावीकडून तिसऱ्या खंडात. ते दाखवायला मला उठावं लागलं.

अशी ती गोष्ट रोज पुढे सरकत गेली आणि बैठक रोज थोडी खाली येत गेली. आरामखुर्ची संपली आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची आली. डच भाषेचा दिवस होता. डच लोक तोंडानं अगदी आपल्यासारखंच स्टूल म्हणतात आणि पुढ्यात खुर्ची ठेवतात, हे ऐकून सूनबाई पहिल्यांदा हसली. मग चपलांच्या कपाटाजवळचं बिनहातांचं बाकडं आलं. त्यावर बसून मी उत्तरेकडच्या बहिणी सांगितल्या. डॅनिश आणि स्वीडिश चर्चमध्ये पाद्री ज्या उंच कठड्यातून प्रवचन देतो त्यालाही ते स्टोलच म्हणतात, प्रवचनाची बैठक. आणि गंमत म्हणजे तिथे तो बसत नाही, अख्खं प्रवचन होईपर्यंत उभा असतो.

"बिचारा," सूनबाई म्हणाली.

इस्पितळातली गोष्टही मी तिला सांगितली. तिथली नर्स रोज सकाळी मोठ्यानं विचारायची, "आजोबा, स्टूल झालं का?" मी तिला समजावू पाहिलं, की बाई, हाही त्याच घराण्यातला. पूर्वी श्रीमंतांकडे भोक पाडलेली एक बंद बैठक असायची, शौचाला जायची, तिच्यावरून हा अर्थ आला. सिंहासनाची ही गत झाली, जरा हळू विचारा. नर्सनं कागदावर 'रुग्ण गोंधळलेला' असं लिहिलं. सूनबाईला हे ठाऊक होतं, कारण त्या शेऱ्यावरून डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं होतं.

महिना सरत आला. हवालदार माझ्याकडे बघून मान डोलवायला लागली होती, आणि तिच्या मानानं ही फार मोठी गोष्ट होती. मग एक दिवस दुपारी सूनबाईनं गॅलरीतून स्टूल आत आणलं. पुसलेलं, चारही पायांना नव्या रबरी टोप्या घातलेल्या. ते तिनं भिंतीला लावून ठेवलं.

माझी पाचावर धारण बसली. बसायला तिनं मदत केली म्हणून मी बसलो. मागे भिंत होती, तिला मी पाल चिकटावी तसा चिकटलो.

"आज शेवटचं राहिलंय ना?" तिनं विचारलं. "सगळ्या बहिणींची आई कोण ते."

हे मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो होतो. सगळ्या बहिणींच्या मागे एकच जुना धातू आहे, तोच संस्कृतात स्था झाला आणि आपल्याकडे स्थान, ठाणं, ठाण असा घरोघर पोचला. त्याचा अर्थ उभं राहणं. बसायच्या वस्तूचा शब्द उभं राहण्यातून निघाला, कारण ती वस्तू स्वतः चार पायांवर उभी असते. इथे वर्गातली मुलं हमखास मान वर करायची. मी ते सगळं सांगितलं, एका सुरात, भिंतीला टेकून. सांगून संपलं आणि मी तिथेच बसलेलो होतो.

सूनबाई वाट बघत थांबली. मग तिनं पुन्हा विचारलं, "म्हणजे नेमकं कसं?" मी पुन्हा सांगितलं. पाठ तसूभरही सुटली नाही.

"नाही जमत गं," मी म्हणालो. "तू त्यांना कळवून टाक."

ती माझ्या पुढ्यात जमिनीवर बसली, पाय दुमडून, भिंतीला टेकलेल्या माणसासमोर मुलं बसतात तशी. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते मी रोज बघत होतो, त्या दिवशी ते मला नीट दिसलं.

"तुला आवडतात ना गं या गोष्टी?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. बहुधा एवढं तरी माझ्या पदरात पडावं म्हणून.

तिनं माझ्याकडे बघितलं. "नाही बाबा," ती म्हणाली. "अजिबात नाही. मला शब्दांत काही रस नाही, आणि तुम्हाला खोटं सांगून काय करू?"

"मग महिनाभर का विचारत होतीस?"

"तुम्ही गोष्ट सांगताना ऐन मुद्द्यावर आलात की पुढे झुकता. नेहमीच. जेवताना झुकता, फोनवर झुकता. लग्नात माझ्या वडिलांना काहीतरी सांगताना तुम्ही इतके झुकलात की ते मागे सरकले होते. ती मुलगी रोज घसा फोडून सांगत होती, नाक पुढे घ्या, नाक पुढे घ्या. तिच्या सांगण्यानं जात नव्हतं. म्हटलं, गोष्टीनं जाईल. म्हणून मी मुद्द्यावर आलं की उठून जात होते. दूध काही वर आलं नव्हतं."

मला राग यायला हवा होता, आधी थोडा आलाही. जन्मभर जपलेली विद्या हिनं जनावरापुढे गवत धरावं तशी माझ्या नाकापुढे धरली होती. मग तो राग कुठे गेला कळलं नाही. मला ती दिसायला लागली, टेबलाशी शेंगा सोलताना, वेबश्टूल आणि डाखश्टूल ऐकताना. जिला त्यातलं काडीचंही आवडत नव्हतं, तिनं गॉथिक ऐकलं, डच ऐकलं, पाद्र्याला बिचारा म्हटलं. काल कुठवर आलो होतो, हे रोज लक्षात ठेवलं. ज्यांना आवडतं त्यांनी ऐकलं, त्यात त्यांचं काय मोठं? माझे विद्यार्थी गुणांसाठी ऐकायचे. ही नुसती मी उठावं म्हणून ऐकत होती. आणि ती त्या क्षणी खाली बसली होती, थकून, आणि उद्या ती नाही म्हणून कळवणार होती.

आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. आभारी आहे, हे सभेत म्हणायचं असतं, हार घातल्यावर. पण मला तिला ते सांगायचंच होतं, आणि दुरून, भिंतीला टेकून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"पोरी," मी म्हणालो, "तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

तिनं मान वर केली. तिला मान बरीच वर करावी लागली, कारण मी उभा होतो. हात माझ्या मांड्यांवर होते, मग तेही सुटले. कशाला धरलेलं नव्हतं.

"उपकार कसले, बाबा," ती हळूच म्हणाली. "सरळ उभे राहा. गुडघे ताठ करा."

मी गुडघे ताठ केले. ती लगेच उठली नाही. तोंडावरून एकदा हात फिरवला आणि खालूनच माझे पाय बघत राहिली, तिच्या बाटल्यांतलं पाणी बघावं तसे, काही राहून तर गेलं नाही ना म्हणून. मग म्हणाली, "आता बसा. आणि परत उठा." मी बसलो आणि परत उठलो. या वेळी गोष्ट नव्हती की काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार आली. तिनं मला स्टुलावरून उठवलं, बसवलं, कमोडवरून उठवलं, पलंगावरून उठवलं, आणि प्रत्येक वेळी दोन्ही हात स्वतःच्या पाठीमागे ठेवले, म्हणजे मी धरायला जाऊ नये. शेवटी घड्याळाकडे बघून म्हणाली, "आजोबा, पास." मग जरा थांबून तिनं विचारलं, की ताई सांगत होत्या ती कसली गोष्ट आहे. मी सुरुवात केली. गॉथिक भाषा येईपर्यंत तिची पुढची वेळ झाली होती. मी तिलाही म्हणालो, की तुझे उपकार आहेत. एकदा तोंडातून निघाल्यावर ते सोपं जात होतं. संध्याकाळी जहाजावर फोन लावून मुलालाही सांगितलं, की तुझी बायको म्हणजे काय चीज आहे, तुला पत्ता नाही. तो म्हणाला, "मला आहे, बाबा. तुम्हालाच उशीर झाला."

पहिल्या तारखेला सूनबाई लवकर उठली. माझं खाणं झाकून ठेवलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला, फोन चार्जिंगला लावला आणि तो कुठे आहे ते दोनदा सांगितलं. निळसर शर्ट घातला होता, ओळखपत्र गळ्यात, डब्याची पिशवी खांद्याला. दाराशी ती चप्पल घालायला वाकली तेव्हा मी माझ्या खुर्चीतून उठलो आणि काठी टेकत तिच्यामागे दारापर्यंत गेलो. तिनं वळून बघितलं, पण "कशाला आलात" असं काही म्हणाली नाही.

"दुपारी फोन करते," ती म्हणाली. "गॅस लावायचा नाही. वरच्या फळीवरचं काही काढायचं नाही."

"नाही काढत."

"येते मग."

"ये," मी म्हणालो.

ती दोन पायऱ्या उतरली. मी पडलो तेव्हापासून ती बाहेर जाताना कुलूप लावून, किल्ली घेऊनच जात आली होती. आज तिनं किल्ली हातात घेतली, मग परत पिशवीत टाकली, आणि जिन्यातूनच, मागे न बघता, म्हणाली,

"बाबा, दार लावून घ्या."